मागच्या सीटवरची टाकी

[दृश्य: कुलुसुकची खडीची धावपट्टी. पलीकडे समुद्रात हिमनग.]

ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं कुलुसुक. इथून आइसलंडची राजधानी रेक्याविक साधारण 735 किलोमीटर. मध्ये एक बेटसुद्धा नाही. जायरोप्लेनमधून पृथ्वीप्रदक्षिणेला निघणाऱ्यानं हँगरमध्ये पहिला पाना हातात घेताना डोक्यात हा टप्पा ठेवायचा असतो. टाकी केवढी हवी, अंगावर काय चढवायचं, घरून कोणत्या महिन्यात निघायचं, सामानात पक्कड एक घ्यायची की दोन, हे सगळं इथून उलटं मोजत यावं लागतं.

[दृश्य: हँगर. उघडं यंत्र, वर स्थिर रोटर.]

हेलिकॉप्टरचा रोटर इंजिन फिरवतं. जायरोप्लेनमध्ये एकदा हवेत गेल्यावर इंजिनाचा रोटरशी संबंधच नसतो. इंजिन मागच्या पंख्यानं यंत्राला पुढे ढकलतं, आणि खालून वर येणाऱ्या हवेवर रोटर आपोआप फिरत राहतो. हुआन दे ला सिएर्वा या स्पॅनिश अभियंत्यानं 1923 साली ही युक्ती उडवून दाखवली. तिचा फायदा मोठा आहे: इंजिन बंद पडलं तरी रोटर फिरतो, यंत्र खाली येतं पण दगडासारखं पडत नाही. तोटाही तितकाच मोठा. हवेचा विरोध फार, त्यामुळे वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर आणि पेट्रोल तासाला 18 लिटरच्या आसपास. इंजिन बंद पडल्यावर तरंगत जायचं म्हटलं तर हजार मीटर उंचीवरून जेमतेम तीन-चार किलोमीटर. समुद्राच्या मध्यावर ही उंची कामाची नाही.

असं यंत्र जगाभोवती नेण्याला किती वेळ लागू शकतो? उत्तर आयर्लंडमधल्या लार्नचे नॉर्मन सरप्लस 22 मार्च 2010 रोजी निघाले. थायलंडमध्ये त्यांचं यंत्र तलावात पडलं आणि तिथेच दुरुस्त करावं लागलं. 2011 मध्ये ते जपानला पोचले, तर पुढे रशियाची परवानगी मिळेना. मग यंत्र जहाजानं अमेरिकेला गेलं, आणि 2015 मध्ये ओरेगनहून निघून ते अटलांटिक ओलांडून लार्नला परतले. राहिलेला रशियाचा भाग 2019 मध्ये उडून त्यांनी वर्तुळ पुरं केलं. नऊ वर्षं. त्याच 2019 साली इंग्लंडच्या जेम्स केचेल यांनी 31 मार्चला पोपहॅमची धावपट्टी सोडली आणि 22 सप्टेंबरला तिथेच उतरले. 175 दिवस. दोन्ही यंत्रं दोन सीटची, उघड्या कॉकपिटची.

या तारखांमध्ये एक गणित आहे. बेरिंगची सामुद्रधुनी आणि ग्रीनलंड, दोन्ही उन्हाळ्यातच पार करायची, म्हणजे जून ते सप्टेंबर. दिशा पूर्वेची, कारण या अक्षांशांवर वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, आणि ताशी 120 च्या यंत्राला 35 चा वारा पाठीवर मिळणं की छातीवर घेणं, यावर टप्पा होतो किंवा होत नाही. म्हणून युरोपातून मार्चअखेर निघायचं, उन्हाळ्याच्या मध्यावर रशिया संपवायचा, प्रोविदेनियाहून अलास्कातल्या नोमपर्यंतचे सुमारे 370 किलोमीटर पाणी ओलांडायचं, आणि सप्टेंबर उलटण्याआधी ग्रीनलंड मागे टाकायचं.

[दृश्य: टेबलावर फायलींचे गठ्ठे.]

कागदांचं काम उड्डाणाच्या एक-दीड वर्ष आधी काढावं लागतं. प्रवासी विमानाच्या प्रमाणपत्राला जगभर मान्यता असते. ब्रिटनमध्ये नोंदलेल्या जायरोप्लेनकडे मात्र बहुतेक वेळा फक्त ‘परमिट टू फ्लाय’, म्हणजे उडण्यापुरता परवाना, असतं, आणि ते दुसऱ्या देशानं मानलंच पाहिजे असं नाही. त्यामुळे वाटेतल्या अनेक देशांकडून वेगळी सूट, वरून जाण्याची परवानगी, उतरण्याची परवानगी, विम्याचे कागद, जकातीचे कागद. एका देशाची तारीख सरकली की पुढच्या सगळ्यांच्या तारखा सरकतात, आणि हवामानाची खिडकी कोणासाठी थांबत नाही. परवानगी मागताना सात दिवसांची मुदत मागावी, एका दिवसाची मागू नये. नवख्यांची चूक नेमकी इथे होते.

[दृश्य: मागच्या सीटवर बसवलेली अॅल्युमिनियमची टाकी.]

आता पेट्रोल. वारा नसेल तर कुलुसुक ते रेक्याविक सहा तास आणि थोडं वर, म्हणजे 110 लिटर. पाठीवर 20 नॉटचा वारा, ताशी 37 किलोमीटर, असेल तर 85 लिटरमध्ये काम होतं. तोच वारा समोरून आला तर नऊ तास आणि 160 लिटर. यंत्राच्या मूळ टाक्या 70 लिटरच्या आसपासच्या. म्हणून मागच्या सीटवर माणसाऐवजी 90 लिटरची टाकी बसते.

टाकी मागच्याच सीटवर का? एकामागे एक सीट असलेल्या जायरोप्लेनमध्ये मागची सीट रोटरच्या खांबाजवळ, गुरुत्वमध्याच्या शेजारी येते. पेट्रोल संपत गेलं तरी तोल फारसा हलत नाही. पण ‘फारसा’ या शब्दावर कोणी समुद्र ओलांडत नाही. यंत्र रोटरच्या बोल्टवर हँगरच्या तुळईला टांगतात, जमिनीपासून वीतभर वर. वैमानिक पूर्ण पोशाखात आत बसतो, आणि कोनमापकानं नाक किती झुकलंय ते मोजतात. टाकी भरलेली, अर्धी, रिकामी, असं तीनदा. कोन उत्पादकानं दिलेल्या मर्यादेत तिन्ही वेळा बसला पाहिजे. नाक जास्त झुकलं तर उतरताना स्टिक, म्हणजे रोटर कलवणारा दांडा, मागे ओढायला जागा उरत नाही.

वजनाचा हिशोब याहून कडक. रिकामं यंत्र 260 किलो. सूट, बूट, हेल्मेटसह वैमानिक 95. पेट्रोल 160 लिटर, म्हणजे 115 किलो. झाले 470. कमाल वजन 500 धरलं तर उरले 30 किलो: फुगवायचा तराफा, अवजारं, सुटे भाग, तंबू, रेडिओ, कागद, कपड्यांचा एक जोड. दात घासायच्या ब्रशची दांडी कापणारे वैमानिक विनोद म्हणून कापत नाहीत.

टाकी बसवली म्हणून काम झालं असं नाही. तिच्यातून मूळ टाकीत पेट्रोल ढकलणारा पंप, आणि हवा आत येण्यासाठी व्हेंटची नळी. ही नळी दुमडली किंवा तिच्यात पाणी गोठलं तर टाकीत निर्वात होतो आणि पंप नुसता घोंघावत राहतो. मूळ टाकी आधीच भरलेली असताना पंप चालू केला तर पेट्रोल बाहेर, तेही गरम टर्बोच्या (इंजिनात जादा हवा दाबणाऱ्या भागाच्या) वरच्या अंगाला. म्हणून पेट्रोल हलवण्याचा सराव आधी जमिनीवर, मग आपल्या धावपट्टीवर घिरट्या घालत, किमान पाच-सहा वेळा. समुद्रावर पहिला प्रयोग करायचा नाही.

[दृश्य: इंजिनाचा जवळून शॉट. हातानं पंखा फिरवला जातो.]

इंजिन बहुतेक वेळा रोटॅक्स 914. चार सिलिंडर, टर्बो, 115 अश्वशक्ती, पण ती फक्त पाच मिनिटं, सलग 100. याला पेट्रोल पुरवणारे दोन्ही पंप विजेवर चालतात. वीज गेली की इंजिन गेलं. त्याचा स्वतःचा जनरेटर जेमतेम 250 वॉटचा, त्यातच पंप, रेडिओ, रडारला ओळख कळवणारा ट्रान्सपॉन्डर, जीपीएस. त्यावर विजेचं गरम जाकीट आणि हातमोजे लावले की मीटर काठावर येतो. यावर उपाय दोन. जादा अल्टरनेटर बसवून वजन खायचं, किंवा प्रत्येक उपकरणाचे वॉट कागदावर लिहून काय केव्हा बंद ठेवायचं ते ठरवायचं. दोन पंप दोन वेगळ्या वायरिंगवर ठेवायचे, हे मात्र दोन्हीकडे सारखंच.

ऑइल मोजण्याची पद्धत बघा. इग्निशन बंद. पंखा हातानं, फिरतो त्याच दिशेनं, सावकाश फिरवत राहायचं. इंजिनाच्या तळाशी साठलेलं ऑइल टाकीकडे परत ढकललं जातं, आणि शेवटी टाकीतून ‘गुडगुड’ असा आवाज येतो. मगच पट्टी बुडवायची. आवाजाआधी मोजलं तर ऑइल कमी दिसतं, माणूस वर ओततो, आणि जादा ऑइल हवेत बाहेर फेकलं जातं. घाईच्या सकाळी हमखास होणारी चूक.

या इंजिनाला 95 ऑक्टेनचं मोटारीचं पेट्रोल जास्त मानवतं. विमानाच्या 100LL पेट्रोलमध्ये शिसं असतं. ते प्लगवर, व्हॉल्व्हवर, ऑइलच्या टाकीत राखाडी गाळासारखं बसतं. ते सतत वापरावं लागलं तर ऑइल 100 ऐवजी 50 तासांनी बदलायचं. वाटेत दुर्गम ठिकाणी पेट्रोल 200 लिटरच्या पिंपातून मिळतं, आणि तेही आधी मागवून ठेवलं तर. पिंप थोडं कलतं उभं करून पाणी आणि गंज खाली बसू द्यायचा, नळी तळापासून वर ठेवायची, आणि पाणी अडवणाऱ्या गाळणीच्या फनेलातूनच टाकी भरायची.

कार्बोरेटरचे फ्लोट, म्हणजे आतल्या पेट्रोलची पातळी राखणारे तरंगते तुकडे, सोबत घ्यावेत. जुने फ्लोट पेट्रोल पिऊन जड होतात. जोडीचं वजन 7 ग्रॅमच्या वर गेलं की पेट्रोल वाहू लागतं आणि इंजिन धडधडतं. म्हणून सामानात दागिन्यांचा छोटा काटा. आठ स्पार्क प्लग, ऑइलचे आणि पेट्रोलचे फिल्टर, थ्रॉटलची वायर, एक ट्यूब, ब्रेक पॅड, बोल्ट सैल होऊ न देणारी लॉकवायर, ठरावीक जोरानं आवळणारा टॉर्क रेंच. एवढं घेऊन बाकीचं वाटेवरच्या ओळखीच्या पत्त्यांवर आधी कुरिअरनं पाठवायचं.

[दृश्य: वैमानिक खिशांना दोऱ्या बांधतो.]

पंखा वैमानिकाच्या पाठीमागे आहे, हे विसरलं की घात होतो. उघड्या कॉकपिटमधून सुटलेली प्रत्येक वस्तू पंख्यात जाते. पेन, हातमोजा, नकाशाचा कागद, पेट्रोलच्या टाकीचं झाकण. म्हणून प्रत्येक वस्तूला दोरी, प्रत्येक खिशाला चेन, आणि निघण्याआधी दुसऱ्या माणसानं हात फिरवून केलेली तपासणी. खडीच्या धावपट्टीवर हाच पंखा चाकांनी उडवलेले दगड खातो. त्याच्या पुढच्या कडेला जाड टेप लावायचा, आणि उभ्या जागी इंजिन रेटायचं नाही.

रोटरची काळजी वेगळी. समुद्रावरून आल्यावर पाती गोड्या पाण्यानं धुवायची. पात्यांवर मीठ आणि किडे सुकले की स्टिक हातात थरथरते आणि उचल घटते. उड्डाणाच्या वेळी रोटर आधी इंजिनाच्या पट्ट्यानं मिनिटाला दोनशेच्या आसपास फेऱ्यांवर आणायचा, मग धाव. फेऱ्या कमी असताना वेग वाढवला तर पाती फडफडतात आणि स्वतःच्याच यंत्राला हाणतात. पूर्ण वजनावर ही धाव नेहमीपेक्षा बरीच लांबते. म्हणून भरलेल्या यंत्राची चाचणी घरच्या लांब धावपट्टीवर, थंड सकाळी सुरू करायची.

[दृश्य: पोहण्याच्या तलावात उलटा केलेला सांगाडा.]

पाण्यात पडण्याचा सराव हा तयारीचा सर्वांत न आवडणारा भाग. जायरोप्लेन पाण्याला टेकलं की पाती पाण्यावर आदळतात, यंत्र कलंडतं आणि बुडतं. पाती थांबेपर्यंत पट्टा सोडायचा नाही. एक हात सांगाड्यावर, दुसरा बकलवर, मग बाहेर. तराफा सीटखाली बांधला तर तो यंत्राबरोबर तळाला जातो, म्हणून तो अंगावर. लोकेशन सांगणारा 406 मेगाहर्ट्झचा बीकनही अंगावर, लाइफजॅकेटच्या खिशात.

थंड पाण्याचं गणित बचावपथकांना पाठ असतं: एक मिनिट श्वास ताब्यात आणायला, दहा मिनिटं बोटं चालतात तोवर कामं उरकायला, तासाभरात शुद्ध हरपते. इमर्शन सूट, म्हणजे पाणी आत न येऊ देणारा पोशाख, हा वेळ वाढवतो, पण मान आणि मनगटाची रबरी पट्टी फाटकी असली तर आत पाणी शिरतं आणि सगळं व्यर्थ. पट्टीला टाल्क लावून रोज बोटानं ताणून बघायची. हवेतही थंडी कमी नाही: शून्य अंशात ताशी 110 किलोमीटरचा वारा उघड्या चेहऱ्याला उणे 11 अंशांसारखा लागतो. आणि हो, सहा तासांत लघवी लागतेच. सूटला त्यासाठी वेगळी चेन असते, ती एका हातानं उघडण्याचाही सराव करायचा.

[दृश्य: पुन्हा कुलुसुक. वाऱ्याचा मोजा आइसलंडच्या दिशेनं ताणलेला.]

मोजा पूर्वेकडे ताणला आहे. वारा पाठीवर, 20 नॉट. 158 लिटर पेट्रोलातून तासभराचं राखीव काढलं तर उरतात पावणेआठ तास. वारा नसता तर जवळजवळ चार तासांपर्यंत मागे फिरता आलं असतं. आज तो बिंदू दोन तास चाळीस मिनिटांवरच येतो, साधारण 420 किलोमीटरवर, कारण परतताना हाच वारा तोंडावर असणार. त्या मिनिटाला आइसलंडच्या पश्चिमेला ढगांचा पाया कितीवर आहे, हे रेडिओवर कळलं पाहिजे. आइसलंडच्या वायव्येचं इसाफ्योर्दुर शंभरेक किलोमीटर जवळ आहे, पण तिथली धावपट्टी डोंगरांच्या कुशीत, फ्योर्डच्या, म्हणजे चिंचोळ्या खाडीच्या, काठावर. ढग खाली असताना तिचा उपयोग नाही.

गुडघ्यावरच्या पाटीवर वेळ लिहायची: 2 तास 40. पेन्सिलीनं, कारण थंडीत शाई गोठते. पेन्सिलीला दोरी आहे का, ते एकदा ओढून बघायचं.