आधी प्रॉब्लेम सांग

(दृश्य : पहाटेचा वॉर्ड. एकच दिवा चालू. पिंजऱ्याच्या जाळीमागे काळी पूडल कुत्री, पुढच्या पायाला सलाईन.)

वय 4 वर्षं, वजन 20 किलो. रात्री 11 वाजता आणली तेव्हा तिला उभंसुद्धा राहवत नव्हतं. रात्रभर सलाईन गेलं, आणि आता पिंजऱ्याचं दार उघडताच ती शेपूट हलवतेय.

5 महिन्यांत हे तिसऱ्यांदा झालं. दर वेळी उलट्या, मग गळून जाणं, मग सलाईन, आणि दुसऱ्या दिवशी कुत्री ठणठणीत. आधीच्या दोन्ही कागदांवर ‘पोटाचा बिघाड’ असं लिहिलेलं आहे. ते लिहिणारे डॉक्टर निष्काळजी नव्हते. त्यांच्यासमोर एकेकच दिवस आला होता. 5 महिने सलग कुणी पाहिलेच नव्हते.

ते सलग पाहायला शिकवणारी पशुवैद्यकाची शाखा म्हणजे लहान प्राण्यांचं इंटर्नल मेडिसिन. कुत्र्या-मांजरांच्या पोटातले, रक्तातले, मूत्रपिंडाचे, यकृताचे, संप्रेरकांचे आजार. वरून जखम दिसत नाही, एक्स-रेवर मोडलेलं हाड दिसत नाही, आणि प्राणी तर काही सांगू शकत नाही.

(दृश्य : राउंड. पिंजऱ्यांसमोर पाच-सहा डॉक्टर. हातात वही घेतलेली पहिल्या वर्षाची रेसिडेंट, म्हणजे विशेषज्ञ होण्यासाठी प्रशिक्षण घेणारी डॉक्टर.)

साडेसातला राउंड सुरू होतो. कुत्रीची केस रेसिडेंट वरिष्ठ डॉक्टर मॅडमसमोर मांडते. “मॅडम, मला गॅस्ट्रोएंट्रायटिस वाटतोय, कारण...”

“थांब. निदान नंतर. आधी प्रॉब्लेम सांग.”

ती वही उघडते. उलट्या. अशक्तपणा. वजनात घट. शरीरातलं पाणी कमी. रक्तदाब कमी.

“हृदयाचे ठोके?”

“आले तेव्हा मिनिटाला 60.”

“रक्तदाब इतका पडलेला असताना ठोके किती हवे होते?”

“दीडशेच्या वर तरी.”

“मग हे 60 तुझ्या यादीत कुठे आहे?”

ते यादीत नाही. तपासलं होतं, कागदावर लिहिलंही होतं, पण पोटाचा बिघाड म्हटल्यावर त्या आकड्याला बसायला जागाच उरली नव्हती. निदान आधी ठरलं की न बसणाऱ्या गोष्टी डोळ्यांसमोर असून दिसत नाहीत. या वॉर्डात काही आठवडे काढल्यावर मला वाटतं, तीन वर्षांच्या प्रशिक्षणातली सगळ्यात मोठी मेहनत या एका सवयीवर जाते.

ही पद्धत माणसांच्या वैद्यकातून आली. लॉरेन्स वीड या अमेरिकन डॉक्टरांनी 1968 मध्ये मांडलं की रुग्णाची नोंद त्याच्या प्रॉब्लेमच्या क्रमाने लिहावी. रुग्णाने किंवा घरच्यांनी काय सांगितलं, डॉक्टरांना काय आढळलं, त्यावरून काय वाटतं, आणि पुढे काय करायचं. पशुवैद्यकाने ती उचलली, आणि आज रेसिडेंटच्या प्रत्येक केसपेपरवर रोज हे चार भाग लिहिले जातात. कंटाळवाणं काम आहे. पण लिहिताना हात थांबतो, तिथेच बहुतेक वेळा काहीतरी सुटलेलं असतं.

(दृश्य : जुनी चित्रं. घोडे, गुरं, तबेले.)

पशुवैद्यकाचं पहिलं महाविद्यालय क्लोद बुर्जला यांनी 1761 मध्ये फ्रान्समधल्या लियाँला उभारलं, तेव्हा लक्ष होतं घोड्यांवर आणि गुरांवर. कुत्रा-मांजर अभ्यासाच्या मध्यभागी यायला विसावं शतक उजाडावं लागलं. अमेरिकन कॉलेज ऑफ व्हेटरिनरी इंटर्नल मेडिसिन 1973 मध्ये स्थापन झालं. नावात कॉलेज असलं तरी तिथे वर्ग भरत नाहीत. विशेषज्ञ कुणाला म्हणायचं, त्याने काय शिकलं पाहिजे आणि परीक्षा कशी द्यायची, हे ठरवणारी ती संस्था. युरोपातही अशीच संस्था आहे.

ढोबळ वाट अशी : पशुवैद्यकाची पदवी, मग साधारण वर्षभराची इंटर्नशिप, त्यात शस्त्रक्रियेपासून अतिदक्षतेपर्यंत सगळ्या विभागांत फिरणं, आणि मग तीन वर्षांची रेसिडेन्सी. त्यात मान्यताप्राप्त विशेषज्ञाच्या हाताखाली केसेस, संशोधन आणि शेवटी परीक्षा. जागा मोजक्याच असतात. हे सगळं पार पडलं की नावापुढे ‘डिप्लोमेट’ लागतं.

(दृश्य : वॉर्डाच्या कोपऱ्यातलं टेबल. काचपट्टी, रक्ताचा थेंब, सूक्ष्मदर्शक.)

या टेबलाशी रेसिडेंटचा बराच दिवस जातो. बाजूच्या पिंजऱ्यात एक कॉकर स्पॅनियल आहे, हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. त्याच्या रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर, त्यात सलाईनचे काही थेंब. ती पट्टी हलकेच डावी-उजवीकडे कलते करते. रक्त एकसारखं पसरायला हवं. पसरत नाही. लाल रवाळ कण तयार होतात, विरजलेल्या दुधात दिसावेत तसे. मग ती पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवते. कारण तांबड्या पेशी नुसत्या नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना टेकल्या असतील, तर सलाईनने त्या सुट्या व्हायला हव्यात. इथे त्या गुच्छांनीच चिकटून आहेत. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच तांबड्या पेशींवर उलटली आहे. मोठं यंत्र नाही, लांबची लॅब नाही. एक थेंब, दोन मिनिटं आणि पाहणारा डोळा.

यंत्रंही शिकायची असतातच. सोनोग्राफी, एंडोस्कोप, अस्थिमज्जेचा नमुना, न खाणाऱ्या मांजराच्या मानेतून अन्ननलिकेत घालायची नळी. हात बसायला वेळ लागतो, पण बसतो.

आकडा वाचायला शिकणं त्याहून अवघड. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा एक टाकाऊ पदार्थ, नॉर्मल आलं म्हणजे मूत्रपिंड ठीक, असं म्हणता येत नाही. कार्यक्षमतेचा जवळपास तीन चतुर्थांश भाग गेल्यावर तो आकडा मर्यादेबाहेर जातो. म्हणून लघवी किती घट्ट आहे ते सोबत बघायचं. मांजराची रक्तातली साखर वाढलेली दिसली तरी लगेच मधुमेह म्हणायचं नाही. टोपलीत कोंबून, गाडीतून आणून, अनोळखी हातांनी धरलेल्या मांजराची साखर नुसत्या भीतीनेही चढते. मग फ्रुक्टोसामाइन तपासायचं, त्यात मागच्या साधारण दोन आठवड्यांची सरासरी कळते. यंत्र आकडा देतं. तो या प्राण्याच्या बाबतीत काय सांगतो, हे राउंडमध्ये उभं राहून, चुकून, पुन्हा विचारून शिकावं लागतं.

(दृश्य : पुन्हा पूडल. रेसिडेंट रात्रीचे रिपोर्ट वाचतेय.)

सोडियम 128, पोटॅशियम 7.1. भागाकार 18. तो साधारण 27च्या वर असायला हवा. पोटॅशियम इतकं चढलं की हृदयाचे ठोके मंदावतात. 60ला आता जागा मिळाली.

आणखी एक ओळ आहे. लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) : नॉर्मल. मॅडम तिथे बोट ठेवतात. “इतकी आजारी कुत्री. हिच्या लिम्फोसाइट कमी व्हायला हव्या होत्या ना?”

शरीरावर ताण आला की कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं आणि या पेशी घटतात. मरणाच्या दारात जाऊन आलेल्या कुत्रीत त्या नॉर्मल असतील, तर नॉर्मल असणं हाच बिघाड. रेसिडेंट हळूच म्हणते, “अ‍ॅडिसन्स?”

अ‍ॅडिसन्स म्हणजे मूत्रपिंडांजवळच्या अधिवृक्क ग्रंथींनी काम सोडणं. कॉर्टिसॉल नाही, आणि बहुतेक वेळा मीठपाण्याचा तोल राखणारं अल्डोस्टेरॉनही नाही. तरुण ते मध्यम वयाच्या कुत्र्यांत, माद्यांमध्ये जास्त, आणि पूडलसारख्या काही जातींत आढळणारा आजार. तो पोटाच्या विकाराचं सोंग घेतो, मूत्रपिंडाच्या विकाराचंही घेतो, आणि सलाईन दिलं की तात्पुरता पळून जातो. म्हणून दोनदा निसटला.

“खात्री कशी करशील?”

“एसीटीएच टेस्ट. अधिवृक्क ग्रंथींना चेतवणाऱ्या संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन कॉर्टिसॉल वाढतं का बघते. पण आधी विष्ठा तपासते. व्हिपवर्म जंत असले तरी सोडियम-पोटॅशियम असंच दिसू शकतं.”

“बरोबर. आणि टेस्ट होईपर्यंत प्रेडनिसोलोन द्यायचं नाही. तपासणीत ते कॉर्टिसॉल म्हणून मोजलं जातं. गरज पडली तर डेक्सामेथासोन.”

(दृश्य : बाहेरचा बाक. कुत्रीचे पालक, नवरा-बायको. रेसिडेंट त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसते.)

या शिक्षणातला एक भाग कुठल्याच परीक्षेत नीट मोजता येत नाही. तो इथे चालतो.

“काल आम्हाला वाटलं, गेली ती,” बाई म्हणतात. “आणि आता बघा, उड्या मारतेय. घरी न्यायची का?”

रेसिडेंटला ‘हो’ म्हणणं सोपं आहे. ती म्हणते, “ताई, ती बरी दिसतेय, पण बरी झालेली नाही. आम्हाला एका आजाराचा संशय आहे. अजून खात्री नाही. खात्री संध्याकाळपर्यंत होईल. तोवर तिला आमच्याकडे राहू द्या.”

‘अजून खात्री नाही’ हे समोरच्याच्या डोळ्यांत बघून, न घाबरवता आणि खोटा धीरही न देता सांगणं. आम्ही चित्रीकरण केलं त्या आठवड्यांत हे शब्द या वॉर्डात रोज ऐकले. कधी दुसऱ्या टोकाचंही सांगावं लागतं, की आता उपचारांनी फक्त त्रास लांबेल. अशा एका संभाषणानंतर एक रेसिडेंट औषधांच्या खोलीत जाऊन दहा मिनिटं नुसती उभी होती. कॅमेरा आम्ही बंद केला होता. रात्रपाळ्या, पहाटेचे फोन, अभ्यास आणि हे सगळं एकाच माणसाने पेलायचं असतं. त्यांची काळजी घेणं हाही प्रशिक्षणाचाच भाग मानला जायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य : लहान खोली. दुपारचा जर्नल क्लब.)

दुपारी शोधनिबंध वाचायचा तास असतो. थकल्या डोळ्यांनी कोष्टकं कशाला वाचायची, याचं उत्तर मांजरांकडे आहे. 1987 मध्ये अमेरिकेत डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पॉल पियन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हृदयाचे स्नायू ढिले पडून मरणाऱ्या मांजरांमध्ये टॉरिन हे पोषकद्रव्य कमी आहे. टॉरिन मांजराच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही, ते अन्नातूनच यावं लागतं, आणि ही मांजरं तयार खाद्य खात होती. टॉरिन दिलं, हृदय सुधारलं. खाद्यातलं प्रमाण वाढवलं गेलं, आणि तो आजार दुर्मीळ झाला. 2019 मध्ये त्याच विद्यापीठातल्या नील्स पेडरसन यांच्या गटाने एफआयपी (मांजरांमधला कोरोनाविषाणूचा आजार) झालेल्या 31 मांजरांना जीएस-441524 हे विषाणूरोधक औषध दिलं, आणि त्यातली बहुसंख्य वाचली. त्याआधी हे निदान म्हणजे जवळपास मृत्यूच. वॉर्डात उपाय नाही म्हणून अडलेला प्रश्न कुणीतरी असा पुढे न्यावा लागतो, म्हणून रेसिडेन्सीत संशोधनही असतं.

(दृश्य : संध्याकाळ. रेसिडेंट कॉम्प्युटरसमोर.)

विष्ठेत जंत नाहीत. एसीटीएचच्या आधीचं कॉर्टिसॉल मोजता येण्याच्या पातळीखाली. इंजेक्शननंतर तासाभराचंही तिथेच.

अ‍ॅडिसन्स.

अल्डोस्टेरॉनची जागा भरणारं इंजेक्शन साधारण महिन्याने एकदा, आणि रोज प्रेडनिसोलोनची अगदी छोटी मात्रा. आयुष्यभर. ताणाच्या दिवसांत ती मात्रा वाढवायची, आणि तपासण्या चुकवायच्या नाहीत. एवढं सांभाळलं तर बहुतेक कुत्री आपलं पूर्ण आयुष्य नीट जगतात. रेसिडेंट हे पालकांना कागदावर लिहून देते, पुन्हा वाचून दाखवते, आणि विचारते, “आता तुम्ही मला सांगा, गोळी कधी वाढवायची?” बाई सांगतात. एक चुकतं. ती पुन्हा समजावते.

(दृश्य : रात्रीचा वॉर्ड. दार उघडतं. टोपलीत एक म्हातारं मांजर.)

“12 वर्षांचं आहे. आठवडाभर काही खात नाही,” टोपली घेऊन आलेला मुलगा म्हणतो.

रेसिडेंट वहीचं नवं पान उघडते, वर तारीख घालते, आणि खाली 1 असा आकडा लिहून त्याच्याकडे बघते. “बस. अगदी पहिल्यापासून सांग.”