कन्याकाचं दगडी घर ओस का पडलं?

नमस्कार मंडळी! माझ्या मागे या भिंती दिसताहेत ना, हे कन्याका, गुरं-मेंढ्या पाळायची जुनी वसाहत. दक्षिण ऑस्ट्रेलियात, क्वॉर्न आणि हॉकर या दोन गावांच्या मधे. नाव इथल्या मूळ रहिवाशांच्या बोलीतलं, आपल्या ‘कन्यके’शी त्याचं नातं नाही.

छप्पर पार गेलंय. पण ही शेकोटीची जागा बघा, कॅमेरा जवळ नेतो. भिंतीतच बसवलेली. सांध्यांतला गारा झिजलाय, तरी वरचा दगड जागचा हललेला नाही. या भागात बांधकामाचं लाकूड मिळायची मारामार, म्हणून घर, गड्यांच्या खोल्या, बहुतेक सगळं इथल्याच दगडात बांधलं.

ह्यू प्रॉबी हा उमराव घराण्यातला पोरगा. त्याने १८५२मध्ये इथे गुरं आणली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विलोक्रा ओढ्याला पूर आला आणि घोड्यावरून ओलांडताना तो वाहून गेला. तोही ऐन तारुण्यात! सहा वर्षांनी भावंडांनी ब्रिटनमधून कोरून पाठवलेली ग्रॅनाइटची शिळा त्याच्या थडग्यावर बसवली.

पुढे पसारा वाढत गेला, मेंढ्याही आल्या. भरभराटीच्या काळात इथे ७० कुटुंबं राहायची. हे सगळं मूळ रहिवाशांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या पाणवठ्यांवर उभं राहिलं, तेही सांगायलाच हवं.

मग १८६४ ते १८६७ असा दुष्काळ पडला. सुमारे २०,००० मेंढ्या गेल्या. १८६५मध्ये सरकारी सर्वेक्षणाचा प्रमुख जॉर्ज गॉयडर घोड्यावरून हा मुलूख फिरला, कुठे काय उगवतं ते पाहिलं आणि नकाशावर एक रेघ ओढली. हिच्या उत्तरेला पावसाचा भरवसा नाही, इथे पेरू नका! कन्याका त्या रेघेच्या उत्तरेला आहे. मला हा माणूस फार मोठा वाटतो, कारण लगेच पुढची काही वर्षं पाऊस चांगला झाला आणि लोक त्याला हसायला लागले. नांगर फिरला की पाऊस मागोमाग येतो म्हणे! सरकारनेही लोकांचंच ऐकलं. रेघेपलीकडच्या जमिनी गव्हासाठी दिल्या, कन्याकाच्याही जमिनीचे तुकडे पडले. १८८०च्या दशकात पावसाने पुन्हा दगा दिला. शेतं करपली, माणसं निघून गेली. १८८८मध्ये कन्याकाही सोडून दिलं.

चला, आता कातरणीच्या शेडकडे जाऊ. तिथे २४ जण ओळीने मेंढ्या कातरायचे. इथे आलात तर भिंतींवर चढू नका, वरचे दगड मोकळे झालेत. या माझ्या मागून.