डोळ्यांआधी रंग

(दृश्य: सामना संपलेलं स्टेडियम. खुर्च्यांवर उरलेले झेंडे.)

पंचाचं बोट वर जातं. फलंदाज समोरच्या संघाचा असेल तर आपण म्हणतो, "आऊटच होता!" आपला असेल तर, "आंधळा आहे का हा?" मीही त्यातलाच. रीप्ले चार वेळा पाहिलाय आणि चारही वेळा मला हवं तेच दिसलंय.

१९५१ चा नोव्हेंबर. अमेरिकेतली दोन विद्यापीठं, प्रिन्स्टन आणि डार्टमथ. अमेरिकन फुटबॉलचा सामना, आणि तोही धसमुसळा. प्रिन्स्टनचा हुकमी खेळाडू डिक काझमायर नाक मोडून मैदानाबाहेर गेला. पुढे डार्टमथच्या एका खेळाडूचा पाय मोडला. सुरुवात कुणी केली, यावर दोन्हीकडे आठवडेच्या आठवडे कचाकचा भांडणं झाली.

मग हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना सामन्याची एकच फिल्म दाखवली आणि नियमभंग टिपायला सांगितले. डार्टमथच्या खेळाडूंनी केलेले नियमभंग डार्टमथच्याच मुलांना सरासरी ४.३ दिसले. प्रिन्स्टनच्या मुलांना ९.८. दुपटीहून जास्त! यात कुणी लबाडी करत होतं असं नाही. ज्याला जे दिसलं ते त्यानं लिहिलं.

(दृश्य: टीव्हीवर आधी सामना, मग चॅनेल बदलून बातम्या.)

सामना संपला की हाच प्रेक्षक बातम्या लावतो. जर्सी काही उतरवत नाही. आपला नेता फटकन बोलला तर स्पष्टवक्ता, त्यांचा बोलला तर उर्मट. आरोप आपल्यावर झाला तर "आधी चौकशी होऊ द्या", त्यांच्यावर झाला तर "आधी राजीनामा द्या". माझी राजकीय मतं माझ्या विचारातून आलीत, असं मी बरीच वर्षं समजत होतो. हल्ली तेवढी खात्री वाटत नाही.

आणि हे काही टीव्हीनं बिघडवलेलं नाही. सहाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलच्या, म्हणजे आजच्या इस्तंबूलच्या, हिप्पोड्रोममध्ये रथांच्या शर्यती होत आणि अख्खं शहर निळे आणि हिरवे अशा दोन गटांत वाटलेलं असे. इतिहासकार प्रोकोपियस वैतागून लिहितो, की या रंगांपायी सोयरीक राहत नाही, मैत्री राहत नाही, सख्खे भाऊसुद्धा एकमेकांचे वैरी होतात. आणि वैर कशाचं, तर कशाचंच नाही. सम्राट जस्टिनियन स्वतः निळ्यांच्या बाजूचा. म्हणजे पंचच एका संघाचा!

५३२ च्या जानेवारीत फाशीचा सांगाडा मोडला आणि दोन कैदी बचावले, एक निळा, एक हिरवा. त्यांना माफी मिळावी म्हणून एरवीचे हाडवैरी एक झाले. "निका! निका!", जिंक, जिंक. शर्यतीतली आरोळी बंडाची झाली. शहराचा मोठा भाग जळाला. शेवटी सोनं वाटून निळ्यांना फोडलं गेलं आणि सैन्य हिप्पोड्रोममध्ये घुसलं. प्रोकोपियस मृतांचा आकडा तीस हजारांच्या वर देतो.

"खेळात राजकारण आणू नका" हे वाक्य मी म्हणूनच फारसं मनावर घेत नाही. ते बहुधा आपल्याला न रुचणाऱ्या राजकारणाबद्दलच ऐकू येतं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकवर बहिष्कार नको, खेळ वेगळा ठेवा, असा आग्रह अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज यांनी धरला होता. स्पर्धा झाली, आणि नाझींनी ती मनसोक्त मिरवली.

(दृश्य: विजयमंचाचं कृष्णधवल छायाचित्र.)

१९६८ साली मेक्सिको सिटीत हेच ब्रंडेज आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष होते. दोनशे मीटरच्या विजयमंचावर टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस या अमेरिकेच्या कृष्णवर्णीय धावपटूंनी वर्णभेदाच्या निषेधार्थ काळा हातमोजा घातलेली मूठ उंचावली आणि त्यांना ऑलिंपिकमधून घरी पाठवण्यात आलं.

पण या फोटोत माझी नजर तिसऱ्यावर जाते. पीटर नॉर्मन, ऑस्ट्रेलियाचा, गोरा, रौप्यविजेता. देश त्यांचा नाही, वर्ण त्यांचा नाही, आणि शर्यतीत तर प्रतिस्पर्धी. तरी त्यानं त्या दोघांच्याच मानवी हक्कांच्या मोहिमेचा बिल्ला छातीवर लावलाय. पुढच्या, १९७२ च्या ऑलिंपिकला त्याला पाठवलं गेलं नाही. का, यावर अजून वाद आहे. २००६ मध्ये तो गेला तेव्हा शवपेटीला खांदा द्यायला स्मिथ आणि कार्लोस आले होते.

(दृश्य: सॅन होजे राज्य विद्यापीठातला पुतळा.)

स्मिथ आणि कार्लोस शिकले त्या विद्यापीठात २००५ मध्ये हा पुतळा उभा राहिला. दुसऱ्या क्रमांकाची पायरी मोकळी आहे. नॉर्मनचीच तशी इच्छा होती. लोक येतात, त्या पायरीवर चढतात, फोटो काढतात आणि उतरतात.