बी.एस्सी. झालं, आता हाताला काय येतं?

संधी, भवितव्य हे मोठे शब्द राहू द्या. आज फक्त पहिल्या नोकरीचं बोलू.

घरोघरी एक वाक्य ठरलेलं असतं, ‘नागपुरात काय ठेवलंय, पुण्याला जा.’ जा, जरूर जा. पण आधी आपल्या गावात कोण काय तपासतं ते तरी बघा! विज्ञानाच्या पदवीधराला पहिली नोकरी पुष्कळदा तपासणीच्याच कामात लागते. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांत कोळसा जळतो. त्या कोळशातली ओल कोणीतरी मोजतं, ८१५ अंशांच्या भट्टीत राख काढून बघतं. बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यांचं सांडपाणी रोज तपासावं लागतं. नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था, कापूस संशोधन संस्था इथे प्रकल्पापुरत्या जागा निघतात. त्यांची जाहिरात संस्थेच्याच संकेतस्थळावर येते आणि मुदत थोडी असते, म्हणून अधूनमधून डोकावत राहा. खाजगी लॅब शोधायच्या तर प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त प्रयोगशाळांची यादी आहे. कोणती लॅब काय काय तपासते, तेही तिथे लिहिलेलं असतं. ते वाचा, मग बायोडाटा पाठवा. शंभर ठिकाणी एकच बायोडाटा पाठवणाऱ्यांचे मेल मी तरी उघडत नाही बाप्पा.

आमच्या लॅबच्या मुलाखतीत मी विचारतो, बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जंतू किती ऑक्सिजन वापरतात, ते माप) कसा काढाल? उत्तर येतं, ‘५ दिवस, २० अंश.’ म्हणजे नमुना तेवढे दिवस तेवढ्या तापमानात ठेवायचा. पुस्तकाप्रमाणे बरोबर. आपल्या भारतीय मानकात ३ दिवस आणि २७ अंश आहेत. हे ठाऊक नसलं तरी चालतं, आठवड्यात कळतं. मग मी ब्युरेट, म्हणजे खाली तोटी असलेली मापाची काचनळी, हातात देतो. पाण्याचा हार्डनेस (जडपणा) काढा, ईडीटीएच्या द्रावणानं. लालसर रंग निळा व्हायला लागला की थेंब-थेंब सोडायचं असतं. पोट्टे तोटी उघडी सोडून माझ्याकडे बघत बसतात. तेही शिकवता येतं. पण ब्युरेटचं माप १२.४, १२.५ आणि तिसऱ्यांदा १३.१ आलं, की पुष्कळजण १२.४ लिहून मोकळे होतात. कॉलेजच्या जर्नलमध्ये हे खपलेलं असतं ना! आमच्याकडे १३.१ च लिहायचं आणि टायट्रेशन, म्हणजे ही थेंबाथेंबाची मोजणी, पुन्हा करायचं. आकडा लिहिताना चुकला तर एकच आडवी रेघ, बाजूला सही आणि तारीख. व्हाइटनर लॅबमध्ये दिसला तर ऑडिटर आधी त्याचीच चौकशी करतो.

पगार सुरुवातीला कमीच असतो, ते लपवत नाही. बुटीबोरीला रोज जाणं-येणं असेल तर कंपनीची बस आहे का, शिफ्ट कोणती, हे आधी विचारा. नेमणूकपत्र आणि पीएफचंही विचारा. विचारलं म्हणून चांगली जागा हातची जात नाही. नोकरी लावून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर तिथून उठा. आणि मूळ गुणपत्रिका कोणाकडे ठेवायला देऊ नका. दाखवा, झेरॉक्स द्या आणि मूळ प्रत घेऊन घरी या.