आधी वजनकाटा, मग कॅटलॉग

मंडळी, "ओहलिन्स घेऊ की वायएसएस?" (दोन्ही शॉकअपच्या कंपन्या) हा प्रश्न मी माईक हातात घ्यायच्या आधीच दोघांनी विचारला. मी उलट विचारलं, तुमचं वजन किती? दोघंही हसले. वजन विचारलं की माणूस एकतर हसतो, नाहीतर पाच किलो कमी सांगतो. पण गाडीचा मागचा शॉकअप बदलायचा असेल तर सुरुवात तिथूनच करावी लागते. नाव, रंग, किंमत, सगळं त्यानंतर.

शॉकअपमध्ये दोन वस्तू असतात आणि दोघींची कामं वेगळी. बाहेरची स्प्रिंग वजन पेलते, खड्डा आला की दबते. पण दबलेली स्प्रिंग सगळी ताकद परत देते आणि तिच्यावर सोडलं तर गाडी फोंड्यापासून पणजीपर्यंत नाचत जाईल. तिला आवरतो आतला डँपर. नळीत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं आणि भोकांवर पोलादाच्या पातळ चकत्या. दरवाजाला वर बसवतात तो डोअर क्लोझर याच तत्त्वावर चालतो: तेलाला वाट अरुंद, म्हणून दार आपटत नाही. उसळीची ताकद तेलात जिरते आणि तिची उष्णता होते. चोर्ला घाटातून डबलसीट उतरून केरीला थांबलात की शॉकअपच्या नळीजवळ हात न्या, कळेल. नेमका हात लावू मात्र नका.

तेल तापलं की पातळ होतं. त्यात हवा मिसळली तर फेस होतो, आणि फेसाला काही आवरता येत नाही. म्हणून चांगल्या शॉकअपमध्ये नायट्रोजन दाबाखाली भरतात. हा वायू कोरडा असतो आणि तेलाशी भांडत नाही. आणखी चांगल्या शॉकअपमध्ये वायू आणि तेल वेगवेगळे ठेवतात, त्यासाठी तो बाजूचा डबा. पल्सरवर 'नायट्रॉक्स' अशी अक्षरं झळकली तेव्हापासून आपल्याकडे डबा म्हणजे भारी, असं समीकरण बसलंय. बाजारात स्वस्तातले असेही शॉकअप मिळतात ज्यांचा डबा नुसता शोभेचा असतो, आत वाटच नसते. लाल ॲनोडाइज केलेला, दिसायला झकास. खिशात पैसे जास्त झाले असतील तर जरूर घ्या.

आता स्प्रिंगचं बोलू. आपले पायलटभाऊ, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाले, पिवळ्या मडगार्डची गाडी घेऊन आलेत, ती इथे पायरीजवळ लावली आहे. मागे दोन शॉकअप, मागच्या चाकाचा एकूण प्रवास, म्हणजे वर-खाली हलायची जागा, साधारण ८० मिलिमीटर. टायरमधली हवा आधी तपासून घेतली. अर्ध्या तक्रारी तिथंच मिटतात, आणि त्याचे पैसे पडत नाहीत. आता गाडी मेन स्टँडवर, मागचं चाक अधांतरी. चाकाच्या एक्सलपासून सरळ वर सीटखाली खडूची खूण केली. टेप लावली: ५४५. गाडी स्टँडवरून काढून दोघांनी सरळ धरली, सीट एकदा दाबून सोडली: ५३७. म्हणजे स्वतःच्या वजनानं गाडी ८ मिलिमीटर बसली. आता भाऊ बसले, दोन्ही पाय फूटरेस्टवर, हेल्मेटसकट: ५१७. एकूण २८. मागे एक जण बसवला: ४९६. एकूण ४९.

या बसण्याला सॅग म्हणतात. रस्त्यावरच्या गाडीसाठी ठोकताळा असा की चालवणारा बसल्यावर एकूण प्रवासाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास गाडी बसावी. भाऊ एकटे असतील तर २८ म्हणजे उत्तम, नवी स्प्रिंग नको. पण पायलटाच्या मागची सीट रिकामी किती वेळ असते? डबलसीट ४९ मिलिमीटर आधीच संपले, खड्ड्यासाठी उरले ३१. मग स्पीडब्रेकरवर ठण्ण आवाज येतो, आणि रात्री हेडलाइट रस्त्याऐवजी माडाच्या शेंड्यांवर. मागचं बसलं की पुढचं उचलतं, हँडलही जड आणि आळशी होतं.

"मग हार्ड करतो ना," भाऊ म्हणतात. खालची खाचांची रिंग सी-स्पॅनरनं फिरवायची, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण रिंग फिरवून स्प्रिंग कडक होत नाही, हे फार थोड्यांना पटतं. तीच तार, तेवढेच वेढे. कडक कशी होईल? रिंगेनं स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवतात, त्याला प्रीलोड म्हणतात. तो वाढवला की गाडी नुसती वर उचलली जाते. आपण आता रिंग वरच्या खाचेवर नेली. डबलसीट ३७ आलं, छान वाटतं. पण भाऊ एकटे बसले तर १६, आणि कोणीच नसताना शून्य. शून्य म्हणजे चाक खड्ड्यात उतरायला वावच नाही. गाडी हिसके देते, मागचा टायर रस्ता सोडतो. माणूस बसल्यावर सॅग बरोबर पण रिकाम्या गाडीचा शून्य, तर स्प्रिंग मऊ आहे आणि तुम्ही तिला रिंगेनं ढकलताय. उलट, माणूस बसल्यावरचा बरोबर पण रिकामी गाडीच खूप बसते, तर स्प्रिंग गरजेपेक्षा कडक. एवढे दोन आकडे घेऊन दुकानात गेलात तर विक्रेत्याला तुमच्याशी वेगळं बोलावं लागतं.

भाऊंना मी जास्त कडक स्प्रिंग घ्या म्हणेन. बदलता वेढा असलेली मिळाली तर बरं, एका टोकाला वेढे जवळजवळ, दुसऱ्या टोकाला लांब. ती सुरुवातीला नरम असते आणि भार वाढेल तशी ताठ होत जाते. आणि रिंग अशी हवी की गिऱ्हाईक उभं असताना हातासरशी फिरेल. रिबाउंडच्या, म्हणजे दबलेली स्प्रिंग वर येण्याचा वेग आवरणाऱ्या स्क्रूच्या, वीस क्लिक त्यांच्या काय कामाच्या?

कडक स्प्रिंग आली की तिला आवरणारा डँपरही तसाच लागतो. जुन्या थकलेल्या डँपरवर नवी कडक स्प्रिंग चढवली तर गाडी आणखीच उसळते. रिबाउंडचा स्क्रू असेल तर हलक्या हातानं पूर्ण आत नेऊन तिथून बाहेर क्लिक मोजा, आकडा लिहून ठेवा, मग एकावेळी एक-दोनच बदला. सीट जोरात दाबून सोडा: वर येऊन थांबली पाहिजे. दोन-तीनदा झुलली तर रिबाउंड कमी. मरगळल्यासारखी हळूहळू वर आली तर जास्त, आणि खड्ड्यांच्या रांगेत ती प्रत्येक खड्ड्याला थोडी थोडी खालीच बसत जाईल.

लांबीचा गोंधळ मी फार पाहतो. वरच्या बोल्टच्या केंद्रापासून खालच्या बोल्टच्या केंद्रापर्यंतचं माप मूळ शॉकअपइतकंच घ्या. टोकाला नुसतं भोक आहे की दुपाखी चिमटा, बुश किती मिलिमीटरचा, हेही बघा. लिंकेज असलेल्या मोनोशॉकमध्ये, म्हणजे मागे एकच शॉकअप आणि तो मधल्या जोडदांड्यांनी चाकाशी जोडलेला, तिथं चाक शॉकअपच्या दुप्पट-तिप्पट हलतं, म्हणून शॉकअप ५ मिलिमीटर लांब घेतला तर मागची बाजू १०-१५ मिलिमीटर उचलते. मग साइड स्टँडवर गाडी भलतीच कलते आणि चेनचा ताणही बदलतो. चेन तपासताना चाक वर-खाली करून तिची सर्वांत ताठ जागा शोधायची. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) बोल्ट आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की ती ताठ होते. डब्याचा शॉकअप बसवताना तो साडी गार्डला, चेन कव्हरला किंवा सायलेन्सरला घासतो का, तेही आधीच बघा; नंतर ग्राइंडर घेऊन बसलेले लोक मी पाहिलेत.

गोव्यात एक जादा शत्रू आहे, खारा वारा. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यात किनाऱ्याची खार आणि खाणपट्ट्यातली तांबडी धूळ. शॉकअपच्या चकचकीत रॉडवर क्रोमचा मुलामा असतो. त्यावर सुईच्या टोकाएवढा गंज धरला की तो ऑइल सील खरवडतो, आणि मग तेल गळतं. मांद्रे-हरमलकडच्या लोकांनी रॉड गोड्या पाण्यानं धुवावा, पण प्रेशरचं पाणी थेट सीलवर मारू नये. म्हणून माझा दुकानदाराला पहिला प्रश्न: हा उघडता येतो का? सील, तेल बदलून पुन्हा नायट्रोजन कोण भरून देणार? गाडीसोबत आलेले बहुतेक शॉकअप उघडण्यासाठी नसतातच, गळले की जोडीनं बदलायचे. महागडा शॉकअप घेऊन सर्व्हिससाठी कुरियर करत बसणार असाल तर त्याचा हिशेब आजच धरा.

कंपन्यांबद्दल थोडंच सांगतो. ओहलिन्स स्वीडनची, १९७६ पासूनची, शर्यतीत नाव कमावलेली. वायएसएस थायलंडची, आपल्याकडच्या खिशाला जवळची. आणि गाडीवर मुळात आलेला शॉकअप गॅब्रिएल किंवा एन्ड्युरन्ससारख्यांचा असतो. त्यांना कमी लेखू नका. त्यांनी तो अनोळखी माणसाच्या वजनासाठी बनवलाय, एवढाच त्याचा दोष. तुमचं वजन त्या अंदाजात बसत असेल तर त्याच जातीचा नवा जोड घाला आणि उरलेल्या पैशांत टायर घ्या.

मागे कोणीतरी आरटीओबद्दल विचारलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीपत्रातल्या तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. मूळ मापाचा सुटा भाग बदलणं आणि गाडीची उंचीच बदलणं यात फरक आहे, तरी वॉरंटी चालू असेल तर डीलरला आधी विचारा. जुने शॉकअप भंगारात देऊ नका, तेल लावून, कागदात गुंडाळून उभे ठेवा. गाडी विकताना तेच परत चढवा आणि नवे वेगळे विका. घेणाऱ्याला गाडीचं मॉडेल विचारालच, वजनही विचारा.