आधी सीपीयूची पाठ बघा, मग केबल घ्या: एका कॉम्प्युटरला दोन मॉनिटर

नमस्कार मंडळी! आज आपण सांगलीच्या मार्केट यार्डात, आमच्या मामांच्या अडतीवर आलोय. मागं हळदीची पोती आहेत, त्यामुळं बोलता बोलता शिंक आली तर सांभाळून घ्या, मी ती एडिट करणार नाहीये.

मामांचं दुखणं असं. सौद्याचे दर व्हॉट्सॲपवर येतात, शेतकऱ्याच्या मालाची हिशेबपट्टी टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये करायची. दर बघायला टॅली खाली घ्यायची, बघून परत वर आणायची, तोवर आकडा डोक्यातनं गेलेला! मामा म्हणाले, "दोन पडदे लावून दे बाबा." दुसरा मॉनिटर विकत घ्यायचाही नाही. माळ्यावर जुना 17 इंची चौकोनी पडलाय, तोच वापरायचा.

आता दिवाणजींनी काय केलं, माझी वाट न बघता एक स्प्लिटर आणला. (स्प्लिटर कॅमेऱ्यासमोर धरून) हा बघा. एका एचडीएमआयचे दोन होतात, म्हणून दुकानदारानं दिला. चूक त्याची नाही, मागितलं तेच दिलं. पण स्प्लिटर एकच चित्र दोन्हीकडं दाखवतो. इकडं टॅली, तर तिकडंही टॅलीच. मंगल कार्यालयात दोन टीव्हींवर एकच लग्न दाखवायचं असेल तर उत्तम. आपल्याला दोन वेगळी चित्रं पाहिजेत, आणि त्यासाठी सीपीयूलाच मॉनिटरची केबल लावायची दोन तोंडं, म्हणजे पोर्ट लागतात.

म्हणून आधी सीपीयू बंद करा, फिरवा आणि पाठ बघा. (खरं नाव कॅबिनेट, पण आपल्याकडं सगळे सीपीयूच म्हणतात, मीही म्हणणार.)

(कॅमेरा सीपीयूच्या मागं)

वर माउस-कीबोर्ड लावतो ना, त्याच्या आसपासची ही तोंडं मदरबोर्डची, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डाची. खाली ही वेगळी आडवी पट्टी दिसते, ती ग्राफिक्स कार्डची, म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करणाऱ्या वेगळ्या कार्डाची. पट्टी नसेल तर तुमच्याकडं वेगळं कार्ड नाही, आणि दोन्ही मॉनिटर वरच लावायचे. पट्टी असेल तर दोन्ही खाली, कार्डाला. एक वर आणि एक खाली लावलं की बऱ्याचदा वरचा काळाच राहतो, कारण कार्ड बसलं की अनेक मदरबोर्ड आतलं, म्हणजे प्रोसेसरमधलं ग्राफिक्स बंद करतात. बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, आयजीपीयू मल्टी-मॉनिटर किंवा इंटर्नल ग्राफिक्स अशा नावाखाली ते चालू करता येतं. पण कार्डाला दोन तोंडं मोकळी असतील तर त्या भानगडीत पडूच नका. आणि इंटेलच्या प्रोसेसरच्या नावात शेवटी एफ असेल, आय फाइव्ह 12400 एफ सारखा, तर आत ग्राफिक्सच नसतं. मग वरची तोंडं नुसती शोभेची.

ही चूक मी स्वतः केलीय, म्हणून एवढं सांगतोय. आमचं घर नदीकडच्या बाजूला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 ला धोका, हे सांगलीतल्या पोरासोरांना पाठ असतं. 2019 च्या ऑगस्टातल्या महापुरात सीपीयू वायरी उपटून वरच्या मजल्यावर नेला. पाणी उतरल्यावर खाली आणून घाईत जोडला आणि मॉनिटर लावला मदरबोर्डला. माझ्या मदरबोर्डनं आतलं ग्राफिक्स बंद केलं नव्हतं, त्यामुळं चित्र आलं, मी खूश! पुढं सहा महिने व्हिडिओ एडिट करताना कॉम्प्युटर रडतोय, आणि मी शिव्या देतोय कार्डाला. ते बिचारं आत नुसतं बसून होतं.

आता मामांचा सीपीयू. कार्ड नाही. वर एक एचडीएमआय, एक डिस्प्लेपोर्ट. आणि माळ्यावरच्या मॉनिटरला निळं, 15 पिनांचं व्हीजीए. व्हीजीए आयबीएमनं 1987 साली आणलं. त्यातनं जातो ॲनालॉग सिग्नल, आणि एचडीएमआयमधनं डिजिटल. म्हणून दोन टोकांची साधी वायर चालत नाही, मधे सिग्नल बदलणारी चिप लागते. म्हणजे कन्व्हर्टर. आणि तो एकाच दिशेचा असतो, हे खोक्यावर वाचून घ्या. आपल्याला एचडीएमआयकडनं व्हीजीएकडं जाणारा हवा. उलटा आणला तर पडदा काळा. डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय केबलचंही तसंच. डिस्प्लेपोर्टवालं टोक सीपीयूकडं आणि एचडीएमआयवालं मॉनिटरकडं. मामांचा नवा मॉनिटर त्या केबलवर गेला, जुना कन्व्हर्टरवर.

(सीपीयू चालू करताना)

दोन्हीवर चित्र आलं. एकसारखं आलं तर घाबरू नका. विंडोज आणि पी ही बटणं एकदम दाबा, एक्स्टेंड निवडा. मग डेस्कटॉपवर राइट क्लिक, डिस्प्ले सेटिंग्ज. आयडेंटिफाय दाबलं की पडद्यांवर 1 आणि 2 येतात. टेबलावर जुना मॉनिटर डावीकडं असेल तर इथंही त्याचा चौकोन डावीकडं ओढा. हे केलं नाही तर माउस डावीकडं नेला की भिंतीला धडकल्यासारखा थांबतो, आणि माणूस माउसच बदलायला निघतो. नव्या मॉनिटरचा चौकोन निवडून मेक धिस माय मेन डिस्प्लेवर टिक करा.

अजून एक गंमत. जुना पडदा 1280 बाय 1024, नवा 1920 बाय 1080. उंचीत 56 पिक्सेलचा फरक. दोघांची खालची कड जुळवली, तर नव्याच्या अगदी वरच्या पट्टीतनं माउस पलीकडं जात नाही. बिघाड नाही तो. जरा खाली घ्या, जातो.

मामांनी आता वीज वाचवायला जुना मॉनिटर बटणानं बंद केला, आणि ओरडले, "व्हॉट्सॲप गेलं रे!" गेलं नाही. बटण बंद केलं तरी वायर जोडलेली असते, त्यामुळं विंडोजच्या लेखी तो पडदा अजून आहे आणि व्हॉट्सॲप त्याच्यावरच उघडं आहे. खालच्या पट्टीतल्या व्हॉट्सॲपवर एकदा क्लिक, मग विंडोज, शिफ्ट आणि उजवा बाण. (मामांकडं बघून) दाबा मामा. शिफ्ट सोडू नका... हां, आलं बघा.