पगारात घरभाडं किती धरायचं? 1,430 रुपये

नमस्कार मंडळी. आज एका आकड्यापासून सुरुवात करतो. 1,430 रुपये.

किमान वेतन कसं ठरवावं, यासाठी केंद्र सरकारने अनुप सत्पथी यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली होती. 2019 च्या अहवालात समितीने सुचवलं की शहरातल्या कामगाराला किमान वेतनाच्या वर सरासरी 55 रुपये रोज घरभत्ता द्यावा. महिन्याला कामाचे 26 दिवस धरा. झाले 1,430.

मी पुण्यात राहतो. कॉलेज संपल्यावर पेठेत कॉट बेसिसवर राहिलो. पुण्याबाहेरच्यांसाठी सांगतो, कॉट बेसिस म्हणजे खोली तुमची नाही, खाट तेवढी तुमची. एका खोलीत चौघं, कपडे दोरीवर, ट्रंक खाटेखाली. आज त्या खाटेलासुद्धा 1,430 पुरत नाहीत.

आता हिशोब मांडू. समजा हडपसरला किंवा भोसरीला कुणाला 15,000 पगार आहे. पीएफचे 12 टक्के म्हणजे 1,800 गेले. ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, 113. व्यवसाय कर 200. हातात आले 12,887. आता नवराबायको आणि एक मूल यांच्यासाठी वन आरके, म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर, 7,000 ला मिळाली असं धरू. तुमच्या भागात भाडं वेगळं असेल, तर तुमचा आकडा घाला. उरले 5,887. दिवसाला 196 रुपये. त्यात किराणा, गॅस, लाइटबिल, शाळा, बसभाडं, औषधं, आणि गावी आईला पाठवायचे पैसे.

आणि हे किल्ली हातात आल्यानंतरचं. त्याआधी दोन महिन्यांचं डिपॉझिट, एक महिन्याचं ब्रोकरेज आणि पहिलं भाडं, मिळून 28,000. म्हणजे हातात येणाऱ्या दोन पगारांहून जास्त. ते बहुतेक वेळा उसने घेतलेले असतात. अकरा महिन्यांनी करार संपला आणि मालकाने खोली सोडायला सांगितली, की ब्रोकरेज पुन्हा पहिल्यापासून.

‘खर्चाला आवर घाला’ असं या लोकांना ऐकवतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. आवर कशाला घालायचा? चूक त्यांच्या खर्चात नाही, पगार ठरवण्याच्या सूत्रात आहे.

ते सूत्र 1957 च्या भारतीय श्रम परिषदेतलं, म्हणजे सरकार, मालक आणि कामगार संघटनांच्या बैठकीतलं. अन्न किती, कापड किती, इंधन किती, सगळं त्यात मोजलं. घरभाडं मात्र सरकारच्या औद्योगिक गृहनिर्माण योजनेतल्या छोट्या घराच्या भाड्याइतकं धरलं. त्या काळी कामगारासाठी सरकार घरं बांधेल, हे गृहीत होतं. आज चाकणच्या कारखान्यात लागलेला मुलगा आजूबाजूच्या गावात खासगी मालकाच्या खोलीत राहतो. सरकारी घराची आशा सुटली, पण भाडं कमी धरायची सवय राहिली. वेतन संहितेच्या, म्हणजे पगाराबद्दलच्या केंद्रीय कायद्याच्या, 2020 च्या मसुदा नियमांत तर घरभाडं म्हणजे अन्न आणि कपड्याच्या खर्चाच्या 10 टक्के, एवढंच लिहिलं होतं. जेवणाकपड्याला 10,000 लागले तर भाड्याला 1,000!

आता हेच सरकार स्वतःच्या माणसांसाठी काय धरतं ते बघा. सातव्या वेतन आयोगात केंद्राच्या सगळ्यात खालच्या कर्मचाऱ्याचा मूळ पगार 18,000. मुंबई-पुण्यासारख्या ‘एक्स’ शहरात त्याला, जानेवारी 2024 पासून, 30 टक्के घरभाडे भत्ता. म्हणजे 5,400. तो मिळायलाच हवा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याच शहरात, त्याच गल्लीत राहणाऱ्या कंत्राटी कामगाराचं भाडं 1,430 कसं होईल? घरमालक दोघांना एकच भाडं सांगतो.

खरं भाडं किती, हे शोधणंही अवघड नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55. लिव्ह अँड लायसन्सचा करार, म्हणजे आपला अकरा महिन्यांचा भाडेकरार, लेखी हवा आणि त्याची नोंदणी करून घेणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. चाळीतल्या खोल्यांचे करार पुष्कळदा होतच नाहीत, हे मी पाहिलंय. तरी जे होतात, त्या प्रत्येकात भाग, भाडं, डिपॉझिट लिहिलेलं असतं, आणि ते सगळं राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाकडे जमा आहे. किमान वेतनाचा विशेष भत्ता महागाई बघून दर सहा महिन्यांनी बदलतोच. मग मूळ वेतन ठरवायला बसताना हडपसरच्या वन आरकेचे नोंदलेले करार समोर ठेवा, आणि घरभाड्याच्या रकान्यात तो आकडा लिहा.